क्लबमध्ये गेलेली लेक आणि खोलीत राहिलेला फोन

प्रश्न
(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहे.)

आमची मुलगी २३ वर्षांची. सप्टेंबरपासून इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात एक वर्षाचं एमएससी करते आहे. एज्युकेशन लोन काढलंय, घर तारण आहे. चार मुली मिळून भाड्याच्या घरात राहतात. आठवड्यातून तीन दिवस ती एका रेस्टॉरंटमध्ये काम करते. तिथून यायला बारा वाजतात, चालतच येते.

दिवाळीनंतर आमच्या नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. इंग्लंडमधली कॉलेजची मुलगी मैत्रिणींबरोबर रात्री बाहेर गेली आणि पुढे तिचा मृतदेहच सापडला. दोन दिवसांनी आमच्या मुलीने पबमधला फोटो टाकला. मिस्टरांनी तो पाहिला आणि घरात जे व्हायचं ते झालं. त्यांनी अटी घातल्या: कामाचे दिवस सोडून रात्री दहाच्या आत खोलीवर, पब-क्लब बंद आणि फोनचं लोकेशन आम्हाला कायम दिसलं पाहिजे. नाहीतर कोर्स सोडून परत ये. ती हो म्हणाली.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सहाला उठून मी लोकेशन पाहिलं. तिकडे तेव्हा शनिवार रात्रीचे साडेबारा. लोकेशन घरीच दाखवत होतं, बरं वाटलं. दुपारी तिच्या घरातल्या एका मुलीने टाकलेल्या फोटोत ही मागे उभी दिसली, कुठल्यातरी क्लबमध्ये. म्हणजे फोन खोलीत ठेवून गेली होती. मी यांना सांगितलेलं नाही, तिलाही विचारलेलं नाही. झोप उडाली आहे. सांगितलं तर हे तिला परत आणतील. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं तर?
– एक आई

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी त्या फोनबद्दल बोलते, कारण तुमचं पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो तिथेच. तुमची लेक क्लबमध्ये गेली याने नाही आला. परक्या शहरात, ऐन थंडीत, मध्यरात्री ती फोनशिवाय होती, याने आला. टॅक्सी मागवायची तर फोन लागतो. गर्दीत मैत्रिणी दिसेनाशा झाल्या तर फोन लागतो. पोलिसांना बोलवायचं, घरचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवायचा, बिल भरायचं, सगळ्याला फोन. आणि तो फोन तिच्या खोलीत पडून तुम्हाला सांगत होता, 'मी घरी आहे.'

ती खोटं वागली हे खरंच आहे आणि ते तिला कळायला हवं. पण ही अट कशी मोडली गेली तेही पाहा. ती मोडायला तिला फोन मागे ठेवावा लागला. अट घातली नसती तरी ती त्या रात्री बाहेर गेलीच असती, फक्त फोन हातात असता. तुम्ही दोघांनी लोकेशन लावायला सांगितलं ते तिच्या काळजीपोटी, यात मला शंका नाही. पण आज त्या अटीमुळे तुमच्याकडे खोटी माहिती येते आहे आणि तिच्याकडे फोन नाही. म्हणून तुमच्या 'सांगू की नको' या प्रश्नाच्या आधी मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: पुढच्या शनिवारी तिच्या हातात फोन कसा असेल?

आता तो व्हिडिओ. कुठल्या प्रकरणाचा ते तुम्ही लिहिलं नाही, पण वर्णनावरून तो हल शहरातल्या घटनेचा असावा. अशा गुन्ह्यात मुलीचं नाव छापायला आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. तिथे त्या मुलीचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. मी आपली पद्धत पाळते.

३१ जानेवारी २०१९ची रात्र. हल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची ही मुलगी मैत्रिणींबरोबर बाहेर पडली. जास्त प्यायली आहे म्हणून क्लबच्या दारावर तिला आत सोडलं नाही. मैत्रिणींनी तिला टॅक्सीत बसवून घरी पाठवलं. टॅक्सीने तिला तिच्या रस्त्यावर सोडलंही. पण ती घरात गेली नाही. कडाक्याच्या थंडीत जवळच्या मोठ्या रस्त्यावर भरकटत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी काहींनी तिची विचारपूससुद्धा केली. मग गाडी घेऊन फिरत असलेल्या एका माणसाने तिला गाठलं. सात आठवड्यांनी, २० मार्चला, हंबर नदीच्या मुखाजवळ तिचा मृतदेह मिळाला. फेब्रुवारी २०२१मध्ये त्या माणसाला बलात्कार आणि खुनाबद्दल जन्मठेप झाली, कमीत कमी २७ वर्षांची.

व्हिडिओ बहुतेक इथे संपतात. त्यापुढचा भाग ग्रुपवर फिरत नाही. तो माणूस बायको-मुलं असलेला, नोकरी करणारा होता. आधीच्या साधारण दीड वर्षात त्याच शहरात, विद्यार्थी राहतात त्या भागात, तो मुलींच्या खिडक्यांतून डोकावायचा, रस्त्यावर अश्लील चाळे करायचा, घरांत शिरून मुलींचे अंतर्वस्त्र चोरायचा. या गुन्ह्यांबद्दल त्याला वेगळी शिक्षा झाली, पण ती नंतर. त्या मुलीची आई तेव्हापासून एकच गोष्ट सांगत फिरते आहे: कुणी खिडकीतून डोकावलं, कुणी अंगावरचे कपडे काढून दाखवले तर 'जाऊ दे, विकृत मेला' म्हणून सोडून देऊ नका. पोलिसांत सांगा आणि पोलिसांनाही ते गांभीर्याने घ्यायला लावा.

दुसरं प्रकरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल, कारण त्यातली मुलगी भारतीय वंशाची होती. नॉटिंगहॅम, १३ जून २०२३, पहाटे चारच्या सुमारास. वर्ष संपल्याचा आनंद साजरा करून एक १९ वर्षांची मेडिकलची विद्यार्थिनी आपल्या मित्राबरोबर चालत घरी निघाली होती. तोही १९ वर्षांचाच. वाटेत एका माणसाने चाकूने हल्ला केला. ती मित्राला वाचवायला मध्ये पडली. दोघंही गेले. त्याच माणसाने त्या सकाळी ६५ वर्षांच्या आणखी एका गृहस्थांनाही मारलं. त्याला गंभीर मानसिक आजार होता, उपचारांत मोठ्या त्रुटी राहिल्या होत्या आणि पोलिसावर हात उचलल्याच्या जुन्या प्रकरणात सप्टेंबर २०२२पासून त्याच्या नावाने अटक वॉरंट निघून पडलं होतं. बजावलं कुणीच नव्हतं. आजारामुळे न्यायालयात तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरला. गेलेल्यांच्या घरच्यांना ते आजही मान्य नाही.

हे सगळं तुम्हाला आणखी घाबरवायला लिहीत नाही. ही दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. एकीकडे मुलगी टॅक्सीने घरी निघाली होती. दुसरीकडे ती एकटी नव्हती, सोबत ओळखीचा मुलगा होता. आपण मुलींच्या कानीकपाळी जे दोन नियम ओरडतो ते दोन्ही पाळले गेले होते. आणि दोन्हीकडे त्या माणसाबद्दल आधीच पुष्कळ काही दिसत होतं. मुलगी 'रात्री बाहेर का गेली' हा प्रश्न आपल्याला सोपा वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्या हातात आहे असं वाटतं: आपली मुलगी जाणार नाही, मग आपल्याला भीती नाही. असं वाटून घेण्याचा तुम्हाला मोह होतो हे मी समजू शकते. पण त्यावर भरवसा ठेवू नका.

नियम फुकट असतात असंही माझं म्हणणं नाही. हलच्या त्या रात्रीत एक फट दिसते, ती टॅक्सीचं दार आणि घराचं दार यांच्यामधली. मैत्रिणींनी कुणीही करेल तेच केलं, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण आपल्या पोरींनी यातून घेण्यासारखं एक आहे. जिला तोल सावरत नाही तिला एकटीला घरी धाडायचं नाही. कुणीतरी एकीने बरोबर जायचं, कुलूप उघडून आत न्यायचं, पाणी द्यायचं आणि मग परत जायचं तर जायचं. तुमच्या लेकीला हे सांगताना 'तू पितेस का?' या चौकशीत शिरू नका. ती पीत असेल किंवा नसेल, नियम दोन्ही वेळा लागू पडतो. कधी ती सांभाळणारी असेल, कधी सांभाळून घ्यावं लागणारी.

आता जरा टोचणारं विचारते. रागावू नका.

तुमच्या यजमानांच्या अटीत 'कामाचे दिवस सोडून' असं आहे. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस तुमची मुलगी रात्री बाराला, दमलेली, एकटी, रिकाम्या रस्त्यावरून चालत घरी येते आणि त्याबद्दल तुमच्या लांबलचक पत्रात एकच ओळ आहे. त्या रात्रींना तुमची झोप उडत नाही. उडते ती चार मैत्रिणींबरोबर, दिव्यांच्या झगमगाटात ती नाचते तेव्हा. धोका मोजायचाच म्हटला तर एकटीची ती वाट जास्त जोखमीची. मग आपल्याला भीती नक्की कशाची वाटते आहे? रात्रीची, की तिने रात्री मजा करण्याची? पैसे मिळवायला उशीर झाला तर तो शहाणपणा आणि हसायला-नाचायला झाला तर तो बेजबाबदारपणा, हा हिशोब आपल्या घराघरांत आहे, तुमच्याच घरात आहे असं नाही. पण तो हिशोब मुली बरोबर ओळखतात. आई-बाबांना माझ्या जिवाची काळजी आहे की 'लोक काय म्हणतील' याची, असा संशय एकदा आला की त्या खऱ्या धोक्याच्या गोष्टीसुद्धा सांगायच्या थांबतात.

आणि खरा धोका बहुतेक वेळा कुठून येतो तेही सांगून टाकते. इंग्लंड आणि वेल्स मिळून लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास. तिथे वर्षाला साधारण पाचशे ते सातशे माणसं खून आणि सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यांत मारली जातात आणि त्यांतले बहुसंख्य पुरुष असतात. बायका मारल्या जातात तेव्हा मारणारा बहुतेक करून नवरा, जोडीदार, सोडून दिलेला जोडीदार किंवा घरातलाच कुणी निघतो. अंधारातला अनोळखी माणूस बातमीत जितका दिसतो तितका तो आकड्यांत नाही. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही.

म्हणून तुमच्या लेकीच्या बाबतीत मला क्लबपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते. समजा, उद्या तिच्या आयुष्यात एखादा मुलगा आला. 'कुठे आहेस, फोटो पाठव, लोकेशन चालू ठेव, त्या मैत्रिणींबरोबर जाऊ नकोस' असं तो म्हणू लागला. तिला ते खटकेल का? की तिला वाटेल, प्रेम असंच असतं, बाबाही असंच करायचे? इंग्लंडमध्ये जोडीदाराला असं सतत मुठीत ठेवणं हा २०१५च्या कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा आहे हे कळायला आधी ते विचित्र आहे हे जाणवायला लागतं. आणि जाणवलं तरी, पबमध्ये गेले हेसुद्धा जी मुलगी घरी सांगू शकत नाही ती 'आई, एक मुलगा मला सोडत नाहीये' हे कसं सांगेल?

तर आता काय करायचं.

पहिला फोन तिला. यजमानांना नंतर. तिचं काम नसेल अशा दिवशी, तिकडची दुपार असताना करा. फोटो पुराव्यासारखा समोर धरू नका. मला विचाराल तर असं काहीसं म्हणा: 'त्या शनिवारी तू फोन घरी ठेवून गेली होतीस, मला कळलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला वाईट वाटलं, रागही आला. पण तू फोनशिवाय होतीस याची भीती जास्त वाटली. आम्ही घातलेली अट चुकीची होती, ती बदलूया.' यातलं शेवटचं वाक्य म्हणणं जड जाईल. तरी म्हणा. मग गप्प बसा. पलीकडून रडू येईल, चिडचिड येईल, कदाचित 'तू माझ्यावर पाळत ठेवतेस' येईल. येऊ द्या. वादात पडू नका.

मग नवा करार. त्यात माझ्या दृष्टीने एकच कलम मोडायचं नाही असं आहे: ती कुठेही असो, कुणाबरोबर असो, कुठल्याही अवस्थेत असो, अडचण आली तर घरी फोन करायचा. आणि त्या फोनवर तुम्ही दोघांनी फक्त विचारायचं, कुठे आहेस, बरोबर कोण आहे, आत्ता काय हवंय. 'तरी मी सांगत होते' हे त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तीन-चार दिवसांनी काय बोलायचं ते बोला. हे कलम तुम्ही एकदा जरी मोडलंत, तरी ती दुसऱ्यांदा फोन करणार नाही.

लोकेशन बंद करू नका, ते ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडे जाऊ द्या. घरात चार मुली आहेत. बाहेर पडताना एकमेकींना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्यायचं, त्याला आठ तासांची मर्यादा असते, म्हणजे रात्र निघते आणि सकाळी आपोआप बंद होतं. घरी राहिलेली एक जण तरी कोण कधी येणार हे जाणून असावी. एक वाजता ठिपका भलतीकडे सरकला तर ती मुलगी दहा मिनिटांत दार वाजवू शकते, पोलिसांना सांगू शकते. तुम्ही इथे बसून फक्त घाबरू शकता. तुम्हाला सकाळी 'आले' एवढा मेसेज पुरे. तोही राहिला तर लगेच आकाश कोसळलं असं समजायचं नाही, तिच्या मैत्रिणीला विचारायचं. म्हणून घरातल्या बाकीच्या तिघींपैकी दोघींचे नंबर तुमच्याकडे हवेत, तिच्या परवानगीने.

पैशांचं. परदेशात शिकणारी मुलं टॅक्सीचे पाच-सात पाउंड वाचवायला अर्धा तास चालतात, कारण मनातल्या मनात त्यांचा रुपयांत गुणाकार चालू असतो. लोन डोक्यावर असलं की जास्तच. तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर महिन्याला तीस-चाळीस पाउंड 'रात्रीच्या टॅक्सीचे' म्हणून वेगळे द्या आणि हिशोब मागू नका. कामावरून येतानाही ते वापरू देत, किंबहुना तेव्हाच आधी. टॅक्सी ॲपवरून किंवा फोनवरून आधी मागवलेलीच हवी. रस्त्यात समोर येऊन थांबलेली खासगी गाडी नको. तिथे खासगी मिनिकॅबने आधीच्या बुकिंगशिवाय प्रवासी घेणं बेकायदा आहे. बसण्याआधी नंबर जुळवायचा आणि 'कुणासाठी आलात?' हे ड्रायव्हरला विचारायचं, आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. कामाच्या ठिकाणी त्याच दिशेला जाणारं कुणी आहे का, मॅनेजर शिफ्ट अर्धा तास अलीकडे घेईल का, हेही तिने विचारून बघावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

काही गोष्टी तिला ठाऊक असतील, तरी विचारा. तातडीचा नंबर ९९९, आपला ११२सुद्धा तिथे चालतो. मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलणं शक्य नसेल, तर पलीकडून सूचना आल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे कॉल पोलिसांकडे जातो. मात्र तेवढ्याने आपण कुठे आहोत हे त्यांना आपोआप कळत नाही, त्यामुळे जमेल तसा पत्ता पोचवायचा. अनेक बारमध्ये 'अँजेला आहे का?' असं काउंटरवर विचारलं की कर्मचारी ओळखतात, या मुलीला मदत हवी आहे. ही पद्धत २०१६ मध्ये लिंकनशायरमध्ये सुरू झाली. सगळीकडे ती सारखीच नीट पाळली जाते असं नाही, म्हणून काउंटरवर सरळ 'मला भीती वाटते आहे, टॅक्सी येईपर्यंत इथे थांबू द्या' म्हटलं तरी चालतं. ग्लास नजरेआड झाला की नवा घ्यायचा. थोडंसंच पिऊन किंवा काहीच न पिता अचानक गरगरायला लागलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर मैत्रिणीला लगेच सांगायचं, दवाखाना गाठायचा आणि तपासणी लवकरात लवकर करायला सांगायचं, कारण पेयात मिसळलेली काही द्रव्यं थोड्याच तासांत शरीरातून निघून जातात.

हलच्या प्रकरणातून सगळ्यात महत्त्वाचं मला जे वाटतं ते यांतलं काहीच नाही. ते आहे 'लहान' गोष्टी सांगणं. कामावरून येताना एकच गाडी दोनदा मागे आली, खिडकीबाहेर कुणी उभं होतं, बसमध्ये कुणी घाणेरडं वागलं, फोनवर नको तो फोटो पाठवला. यातल्या पुष्कळ गोष्टी तिथे गुन्हे आहेत, असा फोटो पाठवणं जानेवारी २०२४पासून स्वतंत्र गुन्हा झालाय. तातडी नसेल तर १०१ला फोन करून किंवा पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रार करता येते. आपली मुलं हे करत नाहीत, त्यांना वाटतं पोलिसांत नाव गेलं की व्हिसाला अडचण. कायदेशीर व्हिसावर शिकणाऱ्या मुलीने गुन्ह्याची तक्रार केली म्हणून तिचा व्हिसा जात नाही. ज्यांच्या मुली पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूला आहेत त्यांनाही हेच लागू. पाठलाग आणि चोरून पाहणं हे भारतीय न्याय संहितेत, कलम ७८ आणि ७७ खाली, गुन्हे आहेत आणि एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर चालत नाही. पण मुलीने हे घरी सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया 'तू तिथे काय करत होतीस?' अशी आली, तर ती ठाण्यापर्यंत पोचतच नाही.

आणि मुलांच्या आयांना एक, विषय निघालाच आहे म्हणून. तुमचा मुलगा मित्रांबरोबर बाहेर जातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, की एखादी मुलगी रस्त्याच्या कडेला एकटी, धड उभी राहता न येण्याच्या अवस्थेत दिसली तर तू काय करतोस? विचारा. तिच्याजवळ थोडं अंतर ठेवून थांबायचं, एखाद्या बाईला मदतीला बोलवायचं, पोलिसांना फोन करायचा आणि कुणी येईपर्यंत हलायचं नाही. विचारपूस करून पुढे जाणं पुरेसं नसतं.

आता यजमान. त्यांना सांगा. फार दिवस लपवून ठेवू नका, कारण त्यांना दुसरीकडून कळलं तर तुम्ही आणि मुलगी एका बाजूला आणि ते एकटे दुसऱ्या, अशी वाटणी होईल आणि मग ते ऐकणार नाहीत. मात्र मुलीशी बोलणं झाल्यावर, तिला 'मी बाबांना सांगणार आहे' असं कळवून सांगा. सुरुवात 'तिने आपल्याला फसवलं'पासून केलीत तर शेवट विमानाच्या तिकिटात होईल. 'आपण लावलेल्या लोकेशनमुळे ती फोनशिवाय बाहेर पडली' इथून सुरू करा. ते रागीट आहेत असं पत्रावरून वाटतं, पण तो माणूस घर तारण ठेवून मुलीला शिकवतो आहे. त्यांच्या रागाखाली कोणती भीती आहे ती एकदा त्यांना स्वतःच्या तोंडून बोलू द्या. मध्ये तोडू नका. मग त्यांना करायला काहीतरी द्या. नुसतं 'काळजी करू नका' म्हटल्याने बापाची काळजी जात नाही. हाताला काम मिळालं की थोडी आवरते. ते काम शेवटी सांगते.

परत बोलावणं हा पर्याय मी बाजूला ठेवलेला नाही. तिलाच राहायचं नसेल, ती खचली असेल, घरात किंवा कामावर कुणी तिला सतत त्रास देत असेल आणि विद्यापीठ मदत करत नसेल, तर डिग्री गेली खड्ड्यात, घरी आणा. पण एका क्लबमधल्या फोटोसाठी? कोर्स सोडला की विद्यापीठ ते तिथल्या सरकारला कळवतं आणि व्हिसा संपवला जातो. लोन राहतं, डिग्री नाही, आणि एक तेवीस वर्षांची मुलगी पुढची कित्येक वर्षं तुमच्याकडे बघताना तेच आठवत राहते. शिवाय इथे आल्यावर ती रात्री बाहेर पडणारच नाही, असं तुम्हाला वाटतं का?

तुमच्या झोपेचंही बघा. नात्यातला तो ग्रुप म्यूट करा, कुणाला कळतही नाही. असे व्हिडिओ एक पाहिला की फोन आणखी दहा दाखवतो आणि मग वाटू लागतं की जगात दुसरं काही घडतच नाही. सकाळी सहाला उठल्या उठल्या लोकेशन बघण्याची सवय मोडायला आठवडाभर त्रास होईल. तरीही झोप येत नसेल, छाती धडधडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

यजमानांचं काम हे. १०१ भारतातून लागत नाही. त्यामुळे तुमच्या मुलीच्या शहरातल्या पोलिसांचा परदेशातून लावता येईल असा नंबर, विद्यापीठाच्या २४ तासांच्या सिक्युरिटीचा नंबर, घरमालकाचा आणि दोन मैत्रिणींचा नंबर, तिचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह, पासपोर्टची प्रत आणि तिच्या भागासाठी लंडनचं उच्चायुक्तालय की बर्मिंगहॅम-एडिंबरासारखं एखादं वाणिज्य दूतावास, ते, एवढं सगळं एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावायचं आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवायचं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तिची विद्यार्थी म्हणून नोंदणी झाली आहे का तेही त्यांनीच बघायचं. माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत तिथे लागू नाही, शंका आली की लगेच कळवता येतं, हे त्या कागदाच्या डोक्यावर लिहा. हे सगळे नंबर त्यांनी मुलीकडूनच मागून घ्यायला हवेत. अटी घातल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोललेले नसतील, तर पहिला फोन या निमित्ताने होऊ द्या.